काळी माती आणि टेनिसची माती

मातीवरील टेनिस म्हटले की वऱ्हाडात प्रथम आपली काळी रेगूर डोळ्यांपुढे येते. ती या खेळाला मात्र निरुपयोगी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, चेंडू कोठे उसळेल याचा नेम नाही. गंमत अशी, की अमेरिकेत चार्ल्स्टनला व्यावसायिक स्त्री-खेळाडूंची जी स्पर्धा भरते, तिची हिरवी ‘माती’ म्हणजे बेसाल्टपासून रूपांतरित झालेल्या खडकाची भरड. आणि आपली रेगूरही बेसाल्टचीच लेक! (१९७३ साली हिल्टन हेड येथे ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा बक्षिसे एक लाख डॉलरांची होती, रोझी कसाल्स जिंकल्या.) भरडीतून पाणी झिरपते, चेंडू मंदावून उंच उसळतो, आणि जोरकस फटक्याहून पायांचा दम मोलाचा ठरतो. अमरावती-अकोल्यात मुलींसाठी असे कोर्ट बांधावयाचे, तर आधी काळी माती उपसून खडीचा थर घातला पाहिजे.