अंगकोरची सायकलफेरी आणि तोरणमाळची वाट

कंबोडियातल्या सिएम रीप शहरात पहाटे साडेचारच्या सुमाराला सायकली रस्त्याला लागतात. जाड टायरच्या, गियरवाल्या, हँडलला दिवा लावलेल्या. पुढे वाटाड्या, शेवटी पंक्चर काढणारा मिस्त्री आणि मधे देशोदेशींचे आठ-दहा प्रवासी. उत्तरेला सहा किलोमीटरवर अंगकोर वाट आहे. तिथे बस जाते, तुकतुक नावाची रिक्षाही जाते. तरीही जंगलातली जुनी देवळं पाहायची सर्वांत शहाणी रीत ही सायकलफेरीच आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्या डोंगररांगेत, तोरणमाळचं पठार अशाच फेरीची वाट पाहत आहे. म्हणून अंगकोरची ही व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी.

अंगकोरचं संरक्षित क्षेत्र सुमारे ४०० चौरस किलोमीटर आहे. १९९२ साली ते जागतिक वारसा यादीत आलं. देवळांना जोडणारे दोन फेरे फार पूर्वीच ठरलेले आहेत: धाकटा १७ किलोमीटरचा, थोरला २६ किलोमीटरचा. प्रदेश जवळजवळ सपाट, त्यामुळे सायकलला हे अंतर अगदी बेताचं. चालत गेलं तर दिवस पुरत नाही आणि गाडीने गेलं तर एका देवळाचा दुसऱ्याशी संबंधच लागत नाही. सायकलवर मात्र मधला खंदक, बांध, भाताचं खाचर, सगळं ओळीने समोर येतं. लाल मातीच्या पायवाटेवर वाळू लागली की मिस्त्री टायरमधली थोडी हवा सोडायला सांगतो, म्हणजे पकड येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. एप्रिलच्या उन्हात तिथे सायकल मारणं म्हणजे आपल्याकडच्या वैशाखात तापीकाठी नांगर धरणं.

वाटाड्याचं कसब पहिल्याच देवळात दिसतं. अंगकोर वाट बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधलं. पश्चिमेच्या ओवरीत उजवीकडे वळलं की भिंतभर कुरुक्षेत्र कोरलेलं आहे. दोन सैन्यं दोन टोकांकडून चालत येतात आणि मधे एकमेकांत घुसतात. वाटाड्या एका जागी थांबवतो आणि बोट दाखवतो: बाणांनी विंधलेले भीष्म, भोवती जमलेले योद्धे. आपल्याकडचं लेकरूसुद्धा ते ओळखेल. शेकडो वर्षांच्या हातांनी दगडाला तिथे गुळगुळीत, काळसर झिलई आली आहे. पुढे साध्या भिंतीच्या चिऱ्यांवर बोटाएवढी गोल भोकं दिसतात. नक्षी नाही, खूण नाही. कुलेन डोंगरातून आणलेले वालुकाश्माचे चिरे उचलण्यासाठी ती पाडली होती, असं तो समजावतो. भीष्म राजाच्या शिल्पशाळेतले, भोकं मजुरांच्या हातची. चांगला वाटाड्या दोन्ही दाखवतो.

फेरीतला खरा सायकलचा भाग अंगकोर थोममध्ये आहे. हे शहर राजा सातवा जयवर्मन याने बाराव्या शतकाच्या अखेरीस वसवलं. प्रत्येक बाजूला तीन किलोमीटर लांब आणि आठ मीटर उंच तट. दक्षिण दरवाजाच्या पुलावर एका अंगाला ५४ देव, दुसऱ्या अंगाला ५४ असुर नाग धरून बसले आहेत. गाड्या या दरवाजातून सरळ आत जातात. सायकली बाजूच्या चढाने तटावर चढतात. एका हाताला खंदकाचं पाणी, दुसऱ्या हाताला दाट झाडी, मधे जेमतेम सायकलपुरती वाट. कोपऱ्यावर प्रासात च्रुंग नावाचं छोटं देऊळ लागतं. तिथवर गर्दी पोहोचत नाही.

मग ता प्रोम. ११८६ साली जयवर्मनने आईच्या स्मरणार्थ बांधलेलं हे मठवजा देऊळ फ्रेंच अभ्यासकांनी मुद्दाम झाडांच्या मिठीतच ठेवलं. इथल्या शिलालेखात आत राहणाऱ्या १२,६४० माणसांची नोंद आहे, आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी राबणाऱ्या ३,१४० गावांची. आज तिथे दगडाला विळखा घातलेली मुळं आहेत. झाड काढलं तर भिंत कोसळते, ठेवलं तर भिंत फुटते. या पेचातून वाट काढण्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग तिथल्या लोकांबरोबर करतो आहे. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात, यादवी अजून धुमसत असताना, याच खात्याने अंगकोर वाटची दुरुस्ती केली होती.

एक गोष्ट मात्र सायकलवरूनच पटते. देवळं जंगलात बांधलेली नव्हती. जंगल नंतर आलं. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेझर किरणांनी जमीन मोजली, तेव्हा झाडीखाली रस्ते, तळी, घरांचे उंचवटे यांची चौकट उमटली. लाकडी घरं कुजून गेली, देवाचा दगड उरला. तटावरून जाताना वाटाड्या झाडीतला एखादा सरळसोट बांध दाखवतो, तेव्हा तिथे गल्ली होती हे डोळ्यांना दिसू लागतं.

आणि माणसं अजूनही तिथेच आहेत. संरक्षित क्षेत्रातल्या गावांत लाखाहून अधिक लोक राहतात. फेरी त्यांच्या अंगणांवरून जाते, नारळपाण्याला तिथेच थांबते. २०२२ पासून हजारो कुटुंबांना तिथून हलवून रुन ता एक इथल्या नव्या वसाहतीत पाठवलं गेलं. हे स्थलांतर राजीखुशीचं असल्याचं सरकार सांगतं. दबाव आणला गेला, असं मानवी हक्क संघटनांनी नोंदवलं आहे. सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं बाधित झालेली पाहिलेल्या आपल्या तालुक्याला यात काय दुखतं हे सांगावं लागत नाही. देवळाभोवतीचं गाव उठलं की उरतं ते नुसतं प्रदर्शन, आणि वाटाड्याही मग परका होतो.

तोरणमाळला अंगकोरएवढं शिल्पवैभव नाही, आणि ते असल्याचं भासवायचंही कारण नाही. पण हजार मीटरहून उंच पठार आहे, यशवंत तलाव आहे, गोरक्षनाथांचं देऊळ आहे, मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे, किल्ल्याच्या भग्न खुणा आहेत, सीताखाईचा कडा आहे. महाशिवरात्रीला मध्य प्रदेश-गुजरातेतून भाविक चढून येतात. ही ठिकाणं सायकलच्या टप्प्यात आहेत. सात वळणांचा घाट चढायला दमछाक होईल, पण पठारावरची फेरी कुणालाही जमेल.

त्यासाठी लागेल ते थोडंच: जाड टायरच्या वीस-पंचवीस सायकली, त्या दुरुस्त करणारे दोन हात, आणि आपल्या पाड्याची वाट, झाड, देव, गोष्ट जाणणारी पावरा-भिल्ल मुलं-मुली. त्यांना परवाना मिळावा, इतिहासाचं रीतसर शिक्षण मिळावं आणि फेरीचे पैसे पाड्यातच राहावेत. आणखी रिसॉर्ट आणि रुंद रस्ते येण्याआधी हे सुरू झालं, तर पाहुण्यांनी कसं आणि किती वेगाने यावं, हे तोरणमाळचे लोक स्वतः ठरवतील. अंगकोरला ही संधी उशिरा मिळाली. आपल्याला ती आज आहे, आणि ती धडगावच्याच माणसांनी हातात घ्यायला हवी.