उकळूनहि न सुटणारी जोडी

दोन द्रवांचें मिश्रण उकळलें कीं जो द्रव लवकर उकळतो त्याची वाफ आधीं वर जाते. ती निवविली कीं तो वेगळा हातीं येतो. परंतु कांहीं जोड्या या नियमाला दाद देत नाहींत. एथिल ॲसिटेट हें एस्टर घ्या. नखें रंगविण्याच्या रंगास जो गोडसर वास येतो, तो पुष्कळदां त्याचाच. तें ७७ अंश सेंटिग्रेडवर उकळतें. पेंडींतील उरलेंसुरलें तेल काढण्यास लागणारा हेक्झेन हा हायड्रोकार्बन ६९ अंशांवर. आठ अंशांचें अंतर कांहीं थोडें नव्हे. तरीहि परक्याच्या संगतींत दोघांच्याहि रेणूंची आपसांतील पकड ढिली पडते, आणि विशिष्ट प्रमाणांतील मिश्रण ६५ अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें. त्या वेळीं वाफेंतील प्रमाण द्रवांतल्याएवढेंच असतें. मग मनोरा कितीहि उंच बांधा, इंधन कितीहि जाळा, जोडी सुटत नाहीं. अशा मिश्रणांना १९११ सालापासून ‘ॲझिओट्रोप’ म्हणतात.

यावर जुना उपाय म्हणजे तिसरा पदार्थ घालणें. सिडनी यंग यांनीं १९०२ सालीं अल्कोहोलांतील शेवटचें पाणी बेंझिनच्या साह्यानें काढलें. युक्ति उत्तम, पण बेंझिन स्वतःच उडून जाणारें आणि कर्करोगास कारण होणारें.

न उडणारा तिसरा म्हणजे आयनिक द्रव. हें मीठच, पण पातळ! खाण्याच्या मिठाचे आयन लहान व घट्ट रचलेले असतात, म्हणून तें ८०१ अंशांवर वितळतें. आयन मोठे व बेडौल असले कीं रचना नीट बसत नाहीं. पॉल वाल्डेन यांनीं १९१४ सालीं वर्णिलेलें एथिल-अमोनियम नायट्रेट १२ अंशांवरच वितळतें.

असा द्रव मनोऱ्यांत वरून सोडतात. एस्टरच्या रेणूंतील ऑक्सिजनवर किंचित् ऋण भार असतो. आयन त्याला ओढून धरतात. हेक्झेनला धरण्याजोगें कांहीं नसल्यानें तो वर निसटतो. एस्टर तळाशीं येतें; दाब उतरवून तापविलें कीं त्याची वाफ निघते आणि आयनिक द्रव पुन्हां कामास येतो. कांहीं आयनिक द्रव हेक्झेनमध्यें जवळजवळ मिसळतच नाहींत. तेथें मिश्रण त्यांच्यासह ढवळून स्वस्थ ठेवलें तरी दोन थर होतात आणि एस्टरचा बराच भाग आयनांच्या थरांत जातो.

हे द्रव महाग आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे दाट असल्यानें पंपास जड जातात. शिवाय, हवेंत उडत नाहीं तें निरुपद्रवी, असेंहि समजूं नये. फ्लुओरीनयुक्त अशा कांहीं आयनिक द्रवांतून पाण्याच्या संपर्कानें हायड्रोजन फ्लुओराइड सुटतें, आणि तें कांचहि खातें.