पाहण्याची संमती वेगळी, पैसे देण्याची वेगळी

म्हापशातील एखादा दुकानदार सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारातून साड्या मागवतो आणि यूपीआयने पैसे चुकते करतो. त्याच सुरतेतील व्यापारी खेळत्या भांडवलासाठी कर्ज मागतो, तेव्हा बँक त्याच्या खात्याचा तपशील मोबाईलवरूनच मागवते. मान्यता दोघेही देतात. पण त्या दोन मान्यतांचा अर्थ एक नव्हे. हा भेद युरोपीय कायद्याच्या परिभाषेत स्पष्टपणे मांडलेला आहे.

युरोपीय संघाचा दुसरा पेमेंट सेवा निर्देश, अर्थात ‘पीएसडी-२’, १३ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. ग्राहकाची संमती असल्यास बँकेने त्याचे ऑनलाइन खाते परवानाधारक त्रयस्थ संस्थेसाठी खुले करावे, हे त्याचे सूत्र. यालाच ‘ओपन बँकिंग’ म्हणतात. अशा संस्था प्रामुख्याने दोन प्रकारच्या. ‘खाते माहिती सेवा’ देणारी संस्था केवळ तपशील पाहते. ‘पेमेंट इनिशिएशन सेवा’ देणारी संस्था ग्राहकाच्या वतीने बँकेला पैसे देण्याचा आदेश पाठवते. तिसरी संज्ञा ‘सक्षम ग्राहक पडताळणी’. ग्राहकाला ठाऊक असलेली, त्याच्याजवळ असलेली आणि त्याच्या शरीराशी निगडित, अशा तीन प्रकारच्या खुणांपैकी किमान दोन जुळणे तीत आवश्यक असते.

भारतात पहिल्या प्रकाराशी जुळणारी व्यवस्था म्हणजे ‘अकाउंट अ‍ॅग्रीगेटर’, म्हणजेच खाते संकलक. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये त्याचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था प्रत्यक्षात आली. ज्या बँकेत खाते आहे ती ‘माहिती पुरवठादार’ आणि कर्ज देणारी ‘माहिती वापरकर्ती’. नोव्हेंबर २०२२ मध्ये जीएसटी नेटवर्कचाही पुरवठादारांत समावेश झाला. त्यामुळे तारण ठेवण्याजोगे फारसे नसलेल्या सुरतेच्या लहान व्यापाऱ्याला आपल्या उलाढालीचा पुरावा सावकार संस्थेपुढे ठेवता येतो. संकलक हा केवळ निरोप्या आहे. सांकेतिक स्वरूपातील माहिती तो पुढे पोहोचवतो. ती वाचण्याची वा साठवण्याची त्याला मुभा नाही आणि खात्यातील पैसे तर तो हलवूच शकत नाही.

दुसऱ्या प्रकाराची आपल्याकडील जवळची उपमा म्हणजे यूपीआय. ॲप कोणाचेही असो, पैसे बँकेतच असतात. नोंदणीकृत मोबाईल आणि गुप्त पिन ही तेथील दुहेरी पडताळणी. पिन टाकणे म्हणजे पैसे देण्याचा आदेश देणे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. त्यामुळे ‘रक्कम मिळवण्यासाठी पिन टाका’ असे कोणी सांगितल्यास तो फसवणुकीचा डाव समजावा.

माहितीची संमती देताना चार गोष्टी वाचाव्यात: कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती काळ. दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकारही ग्राहकाचाच आहे. खाते दाखवणे आणि खात्यातून देणे यांतील रेषा ज्याला उमगली, त्याच्यासाठी ‘मान्य आहे’ हे बटण केवळ सोपस्कार उरत नाही.