ट्रॅक्टरची तेलगाळणी : कंपनीची घ्यावी की बाजारातील ?

पेरणीच्या तोंडावर इंजिनाचे तेल बदलण्यास निघालेल्या शेतकऱ्यापुढे दुकानदार दोन ऑइल फिल्टर ठेवतो. एकावर ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपनीचे नाव असते. दुसऱ्यावर निराळेच नाव असते आणि त्याची किंमतही बरीच कमी असते. दोहोंचा आकार सारखा, रंगही जवळजवळ तोच. मग जास्त पैसे कशासाठी मोजावयाचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पत्र्याच्या डब्याच्या आत असल्यामुळे दुकानात उभे राहून ते दिसत नाही, हीच खरी अडचण होय.

इंजिनातील तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. ते उष्णता वाहून नेते आणि आतील मळही आपल्याबरोबर घेऊन फिरते. डिझेलच्या ज्वलनातील काजळी, पिस्टनच्या रिंगा व लायनर यांच्या घर्षणातून निघणारा धातूचा चुरा आणि हवागाळणीतून निसटलेली धूळ, असा तो मळ असतो. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालविताना धुळीचा वाटा फार वाढतो. माणसाचा केस साधारणपणे 70 मायक्रॉन जाडीचा असतो. चालत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांमधील तेलाचा थर काही जागी त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा बेअरिंगवर चरे पाडू शकतो. मोटारीच्या इंजिनाला तेलगाळणी जोडण्याची युक्ती अमेरिकेत 1923 च्या सुमारास पुढे आली. त्यानंतर रचनेत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण तत्त्व तेच राहिले.

गाळणीच्या डब्यात घड्या घातलेला विशिष्ट कागद असतो. घड्या जितक्या पुरेशा व समान अंतरावर, तितका मळ साठविण्यास वाव अधिक. हलक्या गाळणीत कागद कमी घालतात. मग ती ठरलेल्या तासांच्या आतच तुंबते. कागदाची टोके जेथे चिकटविलेली असतात, तो जोड उष्ण तेलात सुटला तर तेल न गाळताच पलीकडे जाते. वेष्टनावर केवळ ‘20 मायक्रॉन’ असे छापलेले असले, तरी त्यावरून पुरता बोध होत नाही. त्या आकाराच्या कणांपैकी शेकडा किती कण अडविले जातात, हे महत्त्वाचे. ही कसोटी घेण्याची पद्धत आयएसओ 4548 या आंतरराष्ट्रीय मानकात घालून दिलेली आहे.

कागदाहूनही अधिक घोटाळा झडपांमध्ये होतो. गाळणी तुंबली, अथवा थंडीच्या पहाटे तेल दाट झाले, म्हणजे इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक बगल-झडप उघडते आणि तेल कागदाला वळसा घालून पुढे जाते. ती किती दाबाला उघडावी, हे इंजिनागणिक निरनिराळे असते. काही इंजिनांत ही झडप गाळणीत नसून इंजिनाच्या अंगातच बसविलेली असते. झडपेची स्प्रिंग कमजोर असेल तर ती जवळजवळ सदैव उघडी राहते आणि मळके तेलच बेअरिंगांना मिळते. यात फसगत अशी, की तेलाच्या दाबाचा काटा या वेळी ठीक असल्याचेच दाखवितो. म्हणून “काटा बरोबर आहे ना, मग फिल्टर चांगलाच” हा मिस्त्रीचा हवाला पुरेसा नव्हे. उलटपक्षी झडप अडकून बसली आणि कागद तुंबला, तर तेलच पुढे जात नाही.

दुसरी झडप रबराची असते. इंजिन बंद झाल्यावर गाळणीतील तेल परत खाली उतरू नये, हे तिचे काम. गाळणी आडवी किंवा तोंड खाली करून बसविलेली असेल, तेथे या झडपेला विशेष महत्त्व आहे. हलके रबर उष्णतेने कडक होते, तेल उतरून जाते आणि सकाळी इंजिन सुरू करताच काही क्षण खडखड ऐकू येते. त्या क्षणांत बेअरिंगा तेलावाचून फिरत असतात.

आट्यांविषयीही सावध असावे. पाऊण इंच व्यासाचे, इंचास 16 आट्यांचे माप आणि 20 मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे माप ही दोन्ही प्रचारात आहेत. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. त्यामुळे 20 मिलिमीटरची गाळणी पाऊण इंची नळीवर ढिली का होईना, पण चढते. तेलाचा दाब वाढला की ती गळू लागते किंवा निसटतेही, आणि भर रानात सारे तेल मातीत जाते. ‘बसली म्हणजे चालली’ असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे. जुन्या गाळणीवरील क्रमांक नव्याच्या तक्त्याशी ताडून पाहावा.

आता निवडीकडे वळू. ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपन्या बहुधा गाळण्या स्वतः बनवीत नाहीत. गाळण्यांचे वेगळे कारखाने असतात आणि त्यांच्याकडून त्या बनवून घेतल्या जातात. हेच कारखाने आपल्या स्वतःच्या नावानेही माल विकतात. “एकाच कारखान्यातला माल आहे” हे दुकानदाराचे म्हणणे यामुळे खरे असू शकते. तथापि एकाच कारखान्यात दोन प्रतींचा माल निघू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. कारखान्याच्या तक्त्यात आपल्या ट्रॅक्टरचे मॉडेल स्पष्ट दिलेले असेल, तर अशी नामांकित गाळणी वापरण्यास हरकत नाही. खरा भेद कंपनीची आणि बाहेरची असा नसून, जिचा कर्ता ठाऊक आहे ती आणि जिचा ठाऊक नाही ती, असा आहे. निनावी गाळणी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कंपनीच्या नावाची नक्कल केलेली गाळणी तर त्याहून वाईट, कारण तेथे पैसेही पुरे जातात. छपाई फिकट, बॅच क्रमांक व किंमत नसलेले वेष्टन, आणि बिल देण्यास टाळाटाळ ही तिची लक्षणे होत.

हमीची मुदत चालू असेतोवर मात्र कंपनीचीच गाळणी घ्यावी आणि बिले जपून ठेवावीत. इंजिनात बिघाड झाल्यास वाद घालण्यात हंगाम निघून जातो, आणि वाचलेले काही शे रुपये त्या मानाने कवडीमोल ठरतात. सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत, हा ग्राहकाचा हक्क मात्र दिवसेंदिवस मान्य होत आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये सुट्या भागांची विक्री अडवून धरल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना दंड केला. पुढे त्यावर अपिले झाली. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने प्रथम हाती घ्यावयाच्या क्षेत्रांत शेतीची अवजारे होती.

चांगली गाळणीदेखील चुकीच्या रीतीने बसविल्यास वाया जाते. जुन्या गाळणीचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर एक दोन कडी बसली की गळती ठरलेली. नव्या कड्यास स्वच्छ तेलाचे बोट लावावे. कडे टेकल्यावर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावे. नेमका आकडा गाळणीवर छापलेला असतो. पान्याने आवळू नये. इंजिन मंद चालवून दाब आल्यावर गळती पाहावी, बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिकवर पातळी तपासावी.

काही गावांत कागदी गाळणी डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसविण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. धुण्याने कागदाची छिद्रे मोकळी होत नाहीत, उलट कागद फाटतो. तेल बदलून गाळणी जुनीच ठेवणे हीदेखील खोटी काटकसर होय. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत पहिला बदल 50 तासांनी व पुढे 250 तासांनी सांगितलेला असतो. आपल्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. हंगामात रोज 10 तास काम चालले तर 250 तास अवघ्या 25 दिवसांत भरतात. ‘वर्षातून एकदा’ हा हिशेब तेथे लागू पडत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखादी वापरलेली गाळणी कापून शेतकऱ्यांस दाखवावी. हॅकसॉने कापल्यास पात्याचा कीस आत पडून धातूचा चुरा असल्याचा भ्रम होतो, म्हणून पत्रा कातरीने किंवा कापण्याच्या खास हत्याराने उघडावा. घड्या पसरून पाहिल्यावर चकाकणारे कण बरेच आढळले तर मिस्त्रीला बोलावण्याची वेळ आली आहे असे समजावे. काढलेले जुने तेल विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत खरेदीदारास द्यावे. नव्या गाळणीवर बसविल्याची तारीख आणि त्या वेळचा तास-मीटरचा आकडा न पुसल्या जाणाऱ्या रंगाने लिहून ठेवावा.