हौदातले शेवाळ उजेडाने ओळखा



द्राक्ष उतरायला आले, की आपण रसाचा थेंब काचेवर टाकून छोट्या दुर्बिणीसारखे यंत्र डोळ्याला लावतो. रसात साखर जास्त, तसा उजेड जास्त वाकतो आणि आतल्या पट्टीवर आकडा दिसतो. उजेडाने साखर मोजण्याची ही विद्या आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला नवी नाही. शेवाळाचा हौद पारखायलाही हीच विद्या उपयोगी पडते. नाशिककडे स्पिरुलिना शेवाळाविषयी विचारणा करणारे बरेच जण भेटतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हे शेवाळ कोणते?

स्पिरुलिना म्हणजे विहिरीच्या पायरीवरचे बुळबुळीत शेवाळ नव्हे. मळसूत्रासारखे पीळ असलेला हा निळसर हिरवा सूक्ष्म जीव सोड्याच्या पाण्यात वाढतो. पाण्याचा सामू ९ ते १०.५ आणि पाणी ३० ते ३५ अंश गरम असले, की तो जोमाने वाढतो. वाळवलेल्या १०० ग्रॅम भुकटीत सुमारे ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने असतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात तो आपोआप वाढतो.

याच लोणारचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या छायाचित्रांत मे महिन्यात हिरवे दिसणारे सरोवर जूनमध्ये गुलाबी दिसले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या वेगळ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे आढळले. आपण यातून एवढेच घ्यावे, की पाण्यात कोण वाढते आहे याची पहिली खबर रंग देतो, आणि कॅमेरा तो रंग टिपून ठेवतो.

एका हौदाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर गेलो होतो. घरच्या सूनबाईंनी मोठ्या हौसेने हौद लावला होता. मागणी आली म्हणून घरच्यांनी दोन दिवसांत जवळजवळ सगळे शेवाळ कापडाने गाळून काढले. एप्रिलचे ऊन होते, आणि वर जाळी नव्हती. तिसऱ्या दिवशी पाणी पिवळट पडले, नंतर घाण वास सुटला. नवे बियाणे आणून सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

असे का झाले? हौद दाट असतो तेव्हा शेवाळाचे तंतू एकमेकांवर सावली धरतात. ढवळले की खालचे वर येतात, वरचे खाली जातात. हौद विरळ झाला की प्रत्येक तंतूला दिवसभर कडक ऊन लागते. त्याला पेलवेल त्याहून उजेड जास्त होतो आणि तो पांढुरका पडून मरतो. हौद किती दाट आहे हे त्या घरात कोणी मोजत नव्हते. मोजायला लागणारे साधन मात्र घरातच होते.

पांढऱ्या झाकणाची पट्टी

इटलीतील खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढरी चकती सोडून, ती किती खोलीवर दिसेनाशी होते त्यावरून पाण्याचा स्वच्छपणा मोजला. आपण तेच लहान प्रमाणात करावे. ३० सेंटीमीटरच्या प्लॅस्टिक पट्टीच्या शून्याच्या टोकाला डब्याचे पांढरे सपाट झाकण आडवे बसवा. हौद नीट ढवळा. पट्टी सरळ खाली सोडा आणि झाकण दिसेनासे होईल तिथला आकडा वाचा.

आकडा २ ते ३ सेंटीमीटर आला, तर हौद दाट आहे. थोडी काढणी करा, पण सगळे काढू नका. ४ च्या पुढे गेला, तर काढणी थांबवा. ५ किंवा त्याहून जास्त असेल, तर हौदावर सावलीची जाळी घाला. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने वाचावे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेपुढे आकडा लिहिला तरी चालतो.

मोबाइलचा कॅमेरा

रंगाची आठवण फसवी असते. परवा पाणी कसे होते ते आज नेमके सांगता येत नाही. म्हणून रोज एक फोटो काढावा. हौदाच्या कडेला पांढरा कागद किंवा पांढरी फरशी ठेवून ती फोटोत येऊ द्यावी. कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. शेजारी पांढरे असले, की तो बदल लगेच ओळखू येतो. जागा तीच, वेळ तीच, फ्लॅश बंद, आणि पाण्यावर सूर्याची चकाकी नको.

निळसर गडद हिरवा रंग चांगला. पिवळेपणा दिसला, तर ऊन जास्त झाले किंवा नत्र कमी पडले असे समजावे. गाळलेले पाणी निळे उतरू लागले, तर तंतू फुटत आहेत. तो माल खाऊ नये आणि विकूही नये. आठवड्यातून एकदा सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहावा. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ मोबाइलला जोडता येतो. पिळाचे तंतू दिसले तर ठीक. गोल हिरवे ठिपके वाढलेले दिसले, तर दुसरे शेवाळ शिरले आहे.

उजेडाची बोली

रात्री पाणी भरताना मळ्यातून बॅटरीची उघडझाप करून आपण मोटारीपाशी असलेल्या भावाला खूण करतो. टीव्हीचा रिमोटही डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची अशीच उघडझाप करून निरोप पाठवतो. पाण्यात रेडिओच्या लहरी लवकर विरतात, म्हणून पाण्याखालच्या यंत्रांना जवळच्या अंतरात बोलायला उजेड उपयोगी पडतो. दाट शेवाळात मात्र उजेडही काही बोटांपलीकडे जात नाही. याचाच उपयोग करून घेता येतो. एका बाजूला लाल दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा डोळा, आणि मधून हौदाचे पाणी. शेवाळ लाल उजेड शोषून घेते. पलीकडे उजेड जितका कमी पोचेल, तितका हौद दाट. हाच आकडा दिव्याच्या उघडझापीने वर बसवलेल्या कॅमेऱ्याला कळवता येतो. मोठ्या कारखान्याला अशी यंत्रे परवडतील. एक-दोन हौदांच्या घराने मात्र आधी पट्टी आणि फोटो यांवर हात बसवावा.

सुरुवात करण्यापूर्वी

निफाडच्या थंडीत पारा कधी ५ अंशांच्याही खाली जातो. तेव्हा वाढ जवळजवळ थांबते. रात्री हौद झाका आणि काढणीची घाई करू नका. शेततळ्यात आपोआप आलेले शेवाळ कधीही खाऊ नये. त्यात विषारी जातीही असतात. खाण्यासाठी विकायचे, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ‘बियाणे आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्हीच उचलू’ असे कोणी म्हटले, तर त्याने आधी कोणाचा माल उचलला, ते त्या घरी जाऊन विचारा. मगच पैसे द्या.

पहिल्या वर्षी एकच लहान हौद लावा. घरातल्या शिकत्या मुलामुलीकडे पट्टी, मोबाइल आणि वही सोपवा. पाऊस, थंडी आणि ऊन असे तिन्ही ऋतू वहीत उतरले, की दुसरा हौद बांधायचा की नाही हे तुमचे तुम्हालाच कळेल.