ताणा नाही, बाणा नाही

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला कापड म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. सूत सायझिंगला जातं, बीम भरून येतो, माग खडखडतो आणि पिकं, म्हणजे आडवे धागे, मोजून जे खाली गुंडाळलं जातं ते कापड. त्यामुळे मी कारखान्यातला मेल्टब्लोनचा एक पांढरा तुकडा घरी नेला, तेव्हा आण्णांनी तो बोटांत चोळला, उजेडाकडे धरला आणि निकाल दिला, "ह्याला ताणा न्हाई, बाणा न्हाई. ह्याला कापड कशापायी म्हणायचं?" जन्मभर माग चालवलेल्या माणसाशी मी वाद घातला नाही. पण गाळायच्या कामात विणलेलं कापड मागे का पडतं, याचं कारण त्यांच्या त्या दूषणातच आहे.

विणलेल्या कापडात दोन उभ्या आणि दोन आडव्या धाग्यांमध्ये एक चौकोनी भोक असतं. तसंच त्याच्या शेजारी, तसंच त्याच्या पलीकडे. भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान असेल तो सरळ निघून जातो. नळाला बांधलेलं फडकं काडी-कचरा, शेवाळ, गंजाचे पापुद्रे धरतं. गढूळपणा तसाच घागरीत उतरतो. तरी फडक्याला कमी लेखू नये. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या 65 गावांत रिटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाने बायकांना जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळायला शिकवलं. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आले: कॉलरा जवळजवळ निम्म्याने, म्हणजे 48 टक्क्यांनी घटला होता. कॉलऱ्याचा जंतू ज्या बारीक पाणकिड्यांना चिकटून राहतो, ते किडे त्या घडीत अडकत होते. मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली गाळते. धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात, फुलतात आणि चौकोनी भोकांत आडवेतिडवे पसरतात. म्हणजे वीण जितकी बिघडेल तितकी गाळणी सुधारते!

आम्ही कारखान्यात सुरुवातच या बिघाडापासून करतो. पॉलिप्रॉपिलीनचे साबुदाण्याएवढे दाणे हॉपरमध्ये ओततो. ते एक्स्ट्रूडरमध्ये वितळतात आणि डायच्या भोकांतून बाहेर येतात. ही भोकं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. नुसतं तेवढंच असतं तर शेवयांसारखा जाड धागा पडला असता. पण बाहेर येताक्षणी त्यावर तितकीच गरम हवा प्रचंड वेगाने सुटते आणि वितळलेल्या धारेला ओढून ओढून एक ते पाच मायक्रॉनचा तंतू करते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. जत्रेत म्हातारीचे केस करणारा माणूस पाहिला असेल, तर आमची लाइन पाहिल्यासारखीच आहे, फक्त साखरेऐवजी प्लास्टिक. समोर फिरणाऱ्या दांड्यावर तंतू येऊन बसतात, अजून थोडे मऊ असल्यामुळे एकमेकांना चिकटतात. गोंद नाही, शिवण नाही. हेच मेल्टब्लोन.

दिसायला सोपं, चालवायला नाही. हवा जास्त झाली की तंतू तुटतात आणि शेडमध्ये तरंगायला लागतात. आम्ही त्याला फ्लाय म्हणतो. रात्रपाळी संपवून निघताना भुवयांवर बर्फ पडल्यासारखा दिसतो. उष्णता बिघडली की तंतूऐवजी वितळलेल्या प्लास्टिकचे बारीक थेंब पडतात, तो शॉट. बोट फिरवलं की खरखर लागते, बॅटरी मागे धरली की ठिपके दिसतात. शॉट आला की माल बाजूला. डायचं एखादं भोक चोंदलं तरी अनुभवी ऑपरेटरला आधी आवाजातला बदल कळतो, मीटर नंतर सांगतो.

आता यात कण अडकतो कसा? इथे एका भोकाचा प्रश्नच उरत नाही. कणाला तंतूंच्या रानातून वळणं घेत जावं लागतं. जड कणाला वळता येत नाही, तो तंतूवर आपटतो. मध्यम कण तंतूला घासून जाताना चिकटतो. आणि हवेतला अगदी बारीक कण? तो निसटेल असं वाटतं, पण हवेचे रेणू त्याला सारखे ढकलत असतात, तो भेलकांडत जातो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला भिडतोच. सगळ्यांत त्रास देतो तो 0.3 मायक्रॉनच्या आसपासचा कण: आपटण्याइतका जड नाही, भेलकांडण्याइतका हलका नाही. एन-95 मास्कची चाचणी त्याच मापाच्या मिठाच्या कणांवर होते, ती याचसाठी. करोनाचा विषाणू त्याहून लहान, म्हणून मास्कमधून आरपार जाणार, असं 2020 मध्ये बरेच जण ठासून सांगत होते. साध्या चाळणीचा हिशोब होता तो.

या तंत्राचा जन्म काही घरगुती पाण्यासाठी झाला नाही. अणुचाचण्यांनंतर वातावरणात उंच पसरणारे किरणोत्सारी कण पकडायला अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेला अतिबारीक तंतू हवे होते. व्हॅन वेन्टे यांनी 1950 च्या दशकात गरम हवेने ते काढून दाखवले. पुढे टेक्सासमधल्या बेटाउनला आजच्या एक्सॉनने पॉलिप्रॉपिलीन वापरून ते कारखान्याच्या मापाला आणलं. पॉलिप्रॉपिलीनही तेव्हा नवंच होतं. इटलीतल्या ज्युलिओ नाटांनी ते 1954 मध्ये तयार केलं होतं.

मास्कमध्ये आणखी एक करामत असते. मधल्या मेल्टब्लोन थराला उच्च दाबाच्या विजेने टिकून राहणारा चार्ज दिलेला असतो. टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. चार्ज असल्यामुळे जाळं विरळ ठेवता येतं आणि श्वास कोंडत नाही. मास्क साबणाने धुतला किंवा सॅनिटायझरने पुसला की हा चार्ज जातो. मास्क स्वच्छ दिसतो आणि निकामी झालेला असतो. 19 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने मास्कच्याच नव्हे, मास्कच्या कच्च्या कापडाच्याही निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा या न विणलेल्या कापडाची किंमत लोकांना पहिल्यांदा कळली. शिलाई मशिन गल्लोगल्ली होती, मेल्टब्लोनच्या लाइनी मोजक्या.

सगळ्यांत देखणं काम मला रक्ताचं वाटतं. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं आणि रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे त्यांना थंडी-ताप येऊ शकतो. एका पिशवीत या पेशी अब्जाच्या घरात असतात. ल्युकोफिल्टरमधून गाळल्यावर त्या 50 लाखांच्या खाली याव्यात, असा एक सर्वमान्य दंडक आहे. या फिल्टरमध्ये बहुधा पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरचे मेल्टब्लोन तंतू असतात, त्यांना ओलावा धरणारा लेप दिलेला. तांबड्या पेशी लवचिक, त्या अंग चोरून पुढे सरकतात. पांढऱ्या चिकट, त्या तंतूंना धरून बसतात. नुसत्या मापाने हे साधलं नसतं.

आमचा माल मात्र साधा: वॉटर प्युरिफायरच्या बाहेर उभ्या भांड्यात बसणारा दहा इंची पांढरा स्पन. पाण्यात चार्जचा उपयोग नाही. इथे सगळं काम जाडीचं. बाहेरचा थर विरळ, आतला दाट. पाणी बाहेरून आत जातं, मोठा गाळ वर आणि बारीक गाळ आत थांबतो. त्यावर ‘5 मायक्रॉन’ लिहिलेलं असतं. बहुतेक स्पनवर हे माप ढोबळच असतं. पाच मायक्रॉनचा प्रत्येक कण अडेल अशी हमी ती नव्हे. क्षार आणि जंतू यांच्याशी तर त्याचा संबंधच नाही. पुढचा कार्बन आणि मेंब्रेन गाळाने मरू नयेत, एवढ्यासाठी तो असतो.

धंद्यातली लबाडी वजनात चालते. तंतू कमी टाकले की स्पन हलका आणि स्वस्त. नळाला पाण्याचा जोरही छान राहतो, गिऱ्हाईक खूश. गाळ मात्र मेंब्रेनवर जातो आणि हजारोंचा फटका बसतो. कुणी स्पन ब्रशने घासून पुन्हा बसवतात. वरचा गाळ निघतो, आतला तिथेच राहतो, आणि घासण्याने बाहेरचे तंतू दबतात ते वेगळंच.

तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिक आला की नव्या स्पनचं वजन विचारा. दोन दुकानांतले हातात धरून पाहिले तरी फरक कळतो. आणि जुना कचऱ्यात टाकण्याआधी हॅक्सॉने आडवा कापून बघा. तपकिरी रंग कडेला गडद आणि आत फिका होत गेला असेल तर स्पनने चोख काम केलं. गाभ्यापर्यंत एकसारखा तपकिरी असेल तर बदलायला उशीर झाला, पुढच्या वेळी लवकर बदला. वापरून झाल्यावरही आतबाहेर पांढराशुभ्र आणि नळाखालच्या बादलीत मात्र गाळ दिसत असेल, तर दुकान बदला.