मुलांच्या मौनाकडे लक्ष द्या!

जानेवारी २०१० मध्ये मुंबई व परिसरातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. दादरच्या एका शाळेतील बारा वर्षांचा मुलगाही त्यांत होता. कोणी परीक्षापद्धतीला, कोणी पालकांच्या अपेक्षांना, तर कोणी नुकत्याच प्रदर्शित झालेल्या चित्रपटाला दोष दिला. मात्र आत्महत्येला सहसा एकच एक कारण नसते. गुण कमी पडणे वा घरातील बोलणी हे निमित्त ठरते. त्यामागे अनेकदा दीर्घकाळ न ओळखलेले नैराश्य असते. प्रश्न आजही तितकाच गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. या यादीत महाराष्ट्र अग्रस्थानी होता.

लक्षणे कशी ओळखावीत?

किशोरवयातील नैराश्य प्रौढांसारखे दिसत नाही. मूल रडण्याऐवजी चिडचिड करते, उलट उत्तरे देते. पालक त्याला 'वयाचा परिणाम' समजतात. झोप व भूक बिघडणे, मित्रांना टाळणे, आवडत्या खेळातून मन उडणे, अभ्यासात अचानक घसरण, डोके वा पोट वारंवार दुखणे असे बदल दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. 'माझा सगळ्यांना त्रासच आहे' असे उद्गार काढणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे हे धोक्याचे इशारे होत.

अशा वेळी 'जीव द्यावासा वाटतो का?' असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले, याचाच मुलाला आधार वाटतो. उत्तर होकारार्थी आले तर उपदेश वा तुलना करू नये. पूर्ण ऐकून घ्यावे, मुलाला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

भीती 'लोक काय म्हणतील' याची

गिरगाव-लालबागच्या चाळींत मुलाचा उतरलेला चेहरा शेजारच्या काकूंच्या नजरेतून सुटत नसे. मात्र तेथे कोणतीच गोष्ट गुप्तही राहत नसे. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांची पायरी चढायला कुटुंबे कचरत. अनेक चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहिले आहेत. शेजाऱ्यांची नजर हरपली, संकोच मात्र तसाच राहिला. वास्तविक परळचे केईएम व मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केस पेपर काढून तेथे अल्प खर्चात तपासणी होते. समुपदेशन आणि गरज भासल्यास औषधे यांनी बहुतेक मुले सावरतात. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. या सुरुवातीच्या काळात मुलावर विशेष लक्ष ठेवावे आणि औषधे स्वत:हून बंद करू नयेत.

पोलीस केसच्या धास्तीनेही काही पालक गप्प राहतात. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिच्यावर उपचार व पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी ठरते.

शाळांची जबाबदारी

प्रतिबंधाचे काम शाळेतही होऊ शकते. युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांना ताणतणाव व नैराश्याविषयी मोकळेपणाने चर्चा करू देणाऱ्या वर्गांमुळे आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडे दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून निकालानंतर लगेच होऊ लागली. त्यामुळे नापास झाल्यास वर्ष वाया जाण्याची भीती कमी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. ते कोचिंग क्लासनाही लागू आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत व क्लासमध्ये असा समुपदेशक आहे का, हे पालकांनी पुढील पालकसभेत अवश्य विचारावे.

तातडीच्या मदतीसाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास नि:शुल्क उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हे दोन्ही क्रमांक मुलांच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावेत.